मुखवटे करणारा मुलगा

१३ एप्रिल १९८४ ला शुक्रवार होता. त्या दिवशी पॅरामाउंटने अमेरिकेत ‘फ्रायडे द थर्टीन्थ : द फायनल चॅप्टर’ प्रदर्शित केला. मालिकेला तेव्हा चार वर्षेही पुरी झाली नव्हती आणि हा तिचा चौथा भाग होता. चारही चित्रपटांत क्रिस्टल लेक नावाच्या तळ्याचा परिसर, भोवतालची झाडी, सुटीला आलेली तरुण मुले आणि त्यांना एकेक करून मारणारा कुणीतरी. एवढे वाचल्यावर पुष्कळांना पान उलटावेसे वाटेल, हे मला ठाऊक आहे. मालिकेचे कौतुक करायला मी बसलेलो नाही. पहिले तीन भाग मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहेत आणि त्यांतला एकही चांगला चित्रपट आहे असे मला म्हणता येत नाही. चौथ्याबद्दल मात्र तसे म्हणता येते. तोच साचा, तोच खुनी, तेवढेच किंबहुना अधिक रक्त, आणि तरी हा चित्रपट आधीच्यांपेक्षा चांगला कसा झाला? समीक्षेने घ्यावा असा हा प्रश्न आहे, आणि ‘रक्त जास्त चांगले दाखवले’ या उत्तराने तो सुटत नाही.

आपल्याकडे अशा प्रश्नांची सवय कमी. बाबुराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथा मराठी माणसाने वाचल्या आणि समीक्षेने त्यांची दखल घेतली ती बहुधा संख्येपुरती. एका झुंजारकथेपेक्षा दुसरी सरस का, हे कुणी फारसे विचारले नाही. मालिका म्हटली की सगळे भाग सारखे, हे गृहीत धरले गेले. पण साचा पक्का असला की फरक अधिक स्पष्ट दिसतो. एकच आख्यान दहा कीर्तनकारांकडून ऐकलेल्या माणसाला अकरावा कुठे वेगळा निघाला, ते लगेच कळते.

साचा थोडक्यात सांगतो. सुऱ्या-कोयत्यांनी ओळीने खून करणाऱ्या मारेकऱ्याच्या या चित्रपटांना स्लॅशर म्हणतात. मूळ शोधत हिचकॉकच्या ‘सायको’पर्यंत आणि मारिओ बावाच्या १९७१ सालच्या इटालियन चित्रपटापर्यंत जाता येते, पण धंद्याचे गणित जमवले ते जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’ने, १९७८ साली. ते यश पाहून शॉन कनिंगहॅमने संहिता तयार नसतानाच नुसत्या नावाची जाहिरात ‘व्हरायटी’त दिली. मग व्हिक्टर मिलरने संहिता लिहिली, न्यू जर्सीतल्या बालवीरांच्या एका शिबिराच्या जागेत चित्रीकरण झाले आणि साडेपाच लाख डॉलरच्या आसपास खर्चून केलेल्या त्या चित्रपटाने १९८० मध्ये एकट्या अमेरिकेत जवळजवळ चार कोटी डॉलर मिळवले.

पहिल्या भागाची खोड अशी की तो रहस्यकथा असल्याचा आव आणतो आणि रहस्यकथेचा साधा नियम पाळत नाही. खुनी आहे पामेला व्होरहीझ, शिबिरात बुडालेल्या जेसन नावाच्या मुलाची आई; आणि ही बाई पडद्यावर प्रथम येते ती जवळजवळ शेवटी. जी व्यक्ती आपण पाहिलेलीच नाही तिच्यावर संशय कसा घेणार? अर्नाळकरांनी वाचकाला असे कधी फसवले असते असे वाटत नाही. तरी बेट्सी पामरने त्या आईला दिलेला वेडसर मायाळूपणा आणि शेवटी तळ्यातून उसळणारे ते पोर, या दोन गोष्टी लक्षात राहतात. दुसऱ्या भागात (१९८१, दिग्दर्शक स्टीव्ह मायनर) बुडालेला जेसन मोठा होऊन डोक्यावर गोणपाटाची पिशवी ओढून येतो. तो बुडाला नव्हता तर इतकी वर्षे आईपासून लांब का राहिला, हे विचारायचे नाही. या भागातली जिनी ही मालिकेतली सर्वांत हुशार नायिका. त्या बाबतीत चौथा भाग तिच्या जवळपासही जात नाही, हे मान्य करतो. तिसरा (१९८२) त्रिमितीत होता. त्यात यो-यो, लाह्या आणि एकाचे बुबुळ प्रेक्षकांच्या अंगावर येते. त्याने मालिकेला दिलेली एकच टिकाऊ गोष्ट म्हणजे हॉकीचा मुखवटा.

या तिन्ही भागांत मेलेल्यांचे पुढे काही होत नाही. मुले मरतात, सकाळ होते, वाचलेल्या मुलीला तिथून घेऊन जातात. पुढच्या भागात नवी मुले हसत-खिदळत येतात. आधीची कुणाची होती, त्यांना कुणी ओळखले, कुणी पुरले, कोण त्यांच्यासाठी रडले, याला चित्रपटात जागा नसते. जीन सिस्केल या समीक्षकाचा पहिल्या भागावरचा राग प्रसिद्ध आहे. त्याने ‘शिकागो ट्रिब्यून’मधल्या परीक्षणात चित्रपटाचा शेवट मुद्दाम फोडला आणि पॅरामाउंटच्या मालक कंपनीच्या प्रमुखाला निषेधाची पत्रे पाठवा, असे वाचकांना सुचवले. रॉजर एबर्टबरोबर त्याने त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर या प्रकारच्या चित्रपटांतल्या स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल एक पूर्ण कार्यक्रम केला. त्यांचा राग मला आजही चुकीचा वाटत नाही. माणसाचे मरण म्हणजे फक्त पुढच्या मरणापर्यंतचा वेळ भरून काढायची युक्ती, असे हे चित्रपट वागत होते.

चौथा भाग सुरू होतो तो या तक्रारीला जणू उत्तर म्हणून. आरंभी शेकोटीभोवती सांगितलेली जेसनची गोष्ट आणि आधीच्या तीन भागांचे तुकडे येतात. हे झाले नेहमीचे. त्यानंतर आपण तिसऱ्या भागाच्या शेवटच्या जागी, त्या गोठ्याशी, रात्री येतो. वर हेलिकॉप्टर घिरट्या घालते आहे, त्याचा झोत गवतावरून फिरतो आहे. पोलीस, गाड्यांचे दिवे, स्ट्रेचर. झाकलेली प्रेते उचलून नेण्याचे काम चालले आहे. कॅमेरा घाई करत नाही. हत्याकांडानंतरची ही आवराआवर या प्रकारात फार क्वचित दिसते. मालिकेत ती एवढ्या सविस्तर प्रथमच आली. दिग्दर्शक जोसेफ झिटो याने पहिल्या पाच मिनिटांत एक गोष्ट नक्की केली, की या वेळी मेलेल्यांना वजन असेल.

जेसनचे प्रेतही रुग्णालयाच्या शवागारात नेतात. तिथला अॅक्सेल नावाचा कर्मचारी प्रेतांच्या सोबतीने खातो, टीव्हीवर व्यायाम करणाऱ्या बायका बघतो, परिचारिकेशी लगट करतो. त्याला प्रेताचे काही वाटत नाही. म्हणजे तो आधीच्या तीन भागांच्या प्रेक्षकासारखा आहे. पहिला बळी त्याचाच जातो. मी हा अर्थ ओढूनताणून लावतो आहे असे कुणी म्हणेल. पण पुढे टेड नावाच्या मुलाचा मृत्यू पाहा. घरात सापडलेली जुनी मूक, अश्लील चित्रफीत तो प्रोजेक्टरवर लावून एकटाच हसत बघतो. चित्रफीत संपते, पडदा नुसता पांढरा उरतो, आणि त्या पडद्यातून सुरा येऊन त्याच्या डोक्यात घुसतो. पडद्यावर पाहणाऱ्याला पडद्यातून मारणे हा योगायोग असेल तर तो एकाच चित्रपटात दोनदा झाला.

आता रक्ताविषयी, कारण ते टाळून या चित्रपटाबद्दल बोलणे म्हणजे तमाशाबद्दल बोलताना लावणी वगळण्यासारखे आहे.

पहिल्या भागातले रक्तकाम टॉम सॅव्हिनीचे होते. पिट्सबर्गचा हा माणूस व्हिएतनाम युद्धात लष्करी छायाचित्रकार होता. लहानपणी त्याने लॉन चेनीच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि रंगभूषेचा ध्यास घेतला. पुढे युद्धात खऱ्या फाटलेल्या देहांची छायाचित्रे काढणे नशिबी आले. त्या काळात कॅमेऱ्याच्या काचेमागे राहूनच आपण तग धरली, समोरचे दृश्य कृत्रिमरीत्या कसे करता येईल असा विचार मनात चाले, असे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. जॉर्ज रोमेरोच्या ‘डॉन ऑफ द डेड’ने त्याचे नाव झाले. ‘फ्रायडे’च्या दुसऱ्या भागाचे काम त्याने नाकारले. बुडून मेलेला मुलगा जिवंत कसा, ही कल्पनाच त्याला हास्यास्पद वाटली होती, आणि ती होतीही. चौथ्या भागाला तो परतला त्याचे कारण त्यानेच सांगितले आहे: जेसनचा चेहरा आपण घडवला, त्याला मारायचेही आपणच.

सॅव्हिनीचे काम आणि इतरांचे काम यांतला फरक मला उशिरा कळला. आपल्याकडे हे चित्रपट पोचले ते भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवरून, तेही प्रतीच्या प्रतीवरून. त्यात रक्त काळपट तपकिरी दिसे आणि सगळे खून सारखेच वाटत. स्वच्छ प्रत पाहिल्यावर ध्यानात आले, की बहुतेक स्लॅशरपटांत हत्यार लागते आणि रक्त येते; सॅव्हिनीकडे हत्यार लागते आणि देह त्याला प्रतिसाद देतो. त्वचा ताणली जाते, अडते, मग फाटते. जिमी नावाचा मुलगा स्वयंपाकघरात बूच काढायचा स्क्रू शोधतो आहे. अंधारातून तोच स्क्रू त्याच्या तळव्यात घुसतो आणि मागोमाग सत्तूर तोंडावर बसतो. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. पण त्यात त्याचा हात टेबलाला खिळलेला असण्याचा एक क्षण आहे, आणि त्या क्षणात त्याला कळलेले असते. हे कळणे आधीच्या भागांत नव्हते. तिथले बळी दचकत आणि मरत.

आणि जिमी कोण आहे हे आपल्याला माहीत असते, हेही महत्त्वाचे. ही भूमिका क्रिस्पिन ग्लोव्हरची; वर्षभराने ‘बॅक टू द फ्युचर’मध्ये नायकाचा भित्रा बाप झाला तो हाच. मैत्रिणीने सोडलेला, मित्राच्या चेष्टेने खचलेला हा पोरगा. मेजवानीत तो एक नाच करतो, हातपाय तोडल्यासारखे फेकत, कुठल्याच तालात नसलेला. चित्रीकरणाच्या वेळी वेगळे गाणे वाजत होते आणि चित्रपटात दुसरे घातले गेले, त्यामुळे तो नाच आणखीच विचित्र दिसतो. स्लॅशरपटात असा नाच मी दुसरा पाहिलेला नाही. त्या रात्री त्याला एक मुलगी पसंत करते, आणि आपण वाईट नव्हतो हे तिच्याकडून ऐकून त्याचा चेहरा उजळतो. मग तो आनंदाने बाटली उघडायला खाली येतो. बारनी कोहेनच्या पटकथेत असे छोटे हिशेब जागोजागी आहेत. संवाद भारी नाहीत, काही तर टुकार आहेत, पण ही मुले एकमेकांशी बोलतात तेव्हा ती खरोखर एकमेकांना ओळखत असावीत असे वाटते.

सगळीच मुले इतकी नशीबवान नाहीत. रस्त्याकडेला केळे खाणारी एक जाड बाई केवळ जाड आहे म्हणून हसण्यासाठी आणि मग मरण्यासाठी आणलेली आहे. जुळ्या बहिणी या दोन सायकली आणि दोन चेहरे यांपलीकडे जात नाहीत. मुलींचे उघडे अंग दाखवण्याची नेहमीची हौस इथेही आहे, आणि सिस्केल-एबर्टचा आक्षेप या दृश्यांना जसाच्या तसा लागू पडतो. चित्रपट चांगला आहे म्हणताना हे बाजूला सारायचे नाही.

पण या चित्रपटात प्रथमच एक घर आहे. आधीच्या भागांत शिबिरे आणि सुटीपुरती घरे होती, म्हणजे कुणी कायम न राहणारी जागा. इथे मुलांनी भाड्याने घेतलेल्या घराच्या शेजारी जार्व्हिस कुटुंब राहते: आई, मोठी मुलगी ट्रिश, बारा वर्षांचा टॉमी आणि गॉर्डन नावाचा कुत्रा. बाप वेगळा राहतो, त्याची सल घरात आहे. जेसन शेजारच्या घरात शिरतो तेव्हा आपल्याला भीती वाटते ती या घराची.

या घराशी आणखी एक माणूस जोडला जातो. रॉब हा तरुण रानात फिरतो आहे, अस्वलाच्या शिकारीला आलो म्हणतो. खरी गोष्ट ही की दुसऱ्या भागात मारली गेलेली सँड्रा त्याची बहीण होती. (दुसरा, तिसरा आणि चौथा भाग मिळून कथेतले काही दिवसच जातात. एवढ्यात रॉबने कात्रणे जमवली, जेसन जिवंत असल्याचा निष्कर्ष काढला आणि सामान घेऊन रान गाठले. बहिणीचे दुःख फारच कार्यक्षम म्हणायचे.) हिशेबाची ही गफलत मी आनंदाने माफ करतो, कारण रॉबच्या रूपाने मालिकेत प्रथमच एका बळीला भाऊ मिळतो. दुसऱ्या भागात सँड्रा आणि तिचा मित्र एकाच भाल्याने एकत्र मारले जातात. बावाच्या चित्रपटाची आठवण करून देणारी ती एक चलाख कसरत होती, त्यापलीकडे काही नाही. चौथा भाग मागे वळून त्या कसरतीला सांगतो, की ती कुणाची तरी बहीण होती.

इथे भरताची एक जोडी आठवते. नाट्यशास्त्रात चार रसांपासून चार रस उत्पन्न होतात असे म्हटले आहे. बीभत्सापासून भयानक, आणि रौद्रापासून करुण. स्लॅशरपट पहिल्या जोडीवर जगतो: जुगुप्सा उत्पन्न करायची, तिच्यातून भय मिळवायचे, भय संपले की नवी जुगुप्सा. दुसऱ्या जोडीकडे तो जात नाही, कारण रौद्राचा शेवट करुणात झाला तर प्रेक्षकाला पुढच्या खुनाची मजा घेता येणार नाही. चौथ्या भागाने हा धोका पत्करला. रॉब आणि ट्रिश शेजारच्या घरात शिरतात, रॉब तळघरात उतरतो, जेसन त्याला गाठतो. रॉब हा सूड घ्यायला आलेला, शस्त्र बाळगणारा, तगडा पुरुष. तो लढेल, निदान मरताना एखादे वाक्य टाकेल, अशी आपली अपेक्षा. तो ओरडतो, की हा मला मारतो आहे. एवढेच. पुन्हा तेच, आणि ट्रिशला, पळ. अनेकांना हा प्रसंग विनोदी वाटतो. आपल्यावर काय चालले आहे याचे धावते वर्णन कोण करतो? पण अंधारात फारसे काही दिसत नसताना ते ओरडणे ऐकून पाहा. रौद्र होऊन आलेल्या माणसाला आपण मरतो आहोत याचे आश्चर्य वाटते आहे. सॅव्हिनीला या प्रसंगी विशेष काम नाही. जिन्यावर उभ्या ट्रिशला फक्त ऐकू येते, आणि पळावे की खाली उतरावे हे तिला कळत नाही.

नाट्यशास्त्राने मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये असे सांगितले, आणि भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला रंगमंचावरच मरू दिले. हा चित्रपट मरण दाखवण्याच्याच धंद्यातला. पण एक मरण त्याने पूर्णपणे पडद्याआड ठेवले, ते आईचे. ती घरी परतते, दिवे गेलेले असतात, बाहेर जाऊन काहीतरी पाहते, आणि दृश्य तुटते. पुन्हा ती दिसत नाही. ट्रिशला आईचे प्रेत सापडते असा प्रसंग चित्रित झाला होता आणि नंतर वगळला गेला. वगळण्यामागे कारण कदाचित गतीचे असेल. पण त्यामुळे टॉमीचे दुःख चित्रपटात कुठेच उच्चारले जात नाही. ते साठत जाते.

तर टॉमी. कोरी फेल्डमनने केलेला हा मुलगा आपल्या खोलीत मुखवटे बनवतो. रबराचे राक्षस, हलणारे डोळे, तारांनी उघडमिट होणारे जबडे. रॉबला तो ते अभिमानाने दाखवतो. ते मुखवटे अर्थातच सॅव्हिनीच्या कारखान्यातले आहेत, आणि मुलाचे नाव टॉमी आहे. रंगभूषाकाराने स्वतःचे बालपण आपल्याच राक्षसासमोर उभे केले, यापेक्षा वेगळे काही मला या भूमिकेत दिसत नाही. जेसनचे भय वाटणारी मुले या मालिकेत पुष्कळ झाली. राक्षस कसा बनवतात हे माहीत असलेला हा पहिलाच.

कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८७ च्या एका निबंधात स्लॅशरपटातल्या शेवटी उरणाऱ्या मुलीला ‘फायनल गर्ल’ असे नाव दिले आणि दाखवून दिले, की या चित्रपटांचा मुख्यतः पुरुष असलेला प्रेक्षक आरंभी मारेकऱ्याच्या नजरेने पाहत असला तरी शेवटी त्या मुलीच्या बाजूला येतो. पुढे हा निबंध तिच्या ‘मेन, विमेन अँड चेन सॉज’ या पुस्तकात आला आणि या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याशी हिशेब करावा लागतो. चौथा भाग या मांडणीत नीट बसत नाही. इथे शेवटी उरणारी मुलगी दोघांत वाटली गेली आहे. पळणे, झुंजणे, खिडकीतून उडी मारणे ट्रिशकडे, जिंकणे टॉमीकडे. प्रेक्षकातल्या पोराला मुलीच्या आडून यावे लागत नाही, तो स्वतःच हजर आहे. गंमत ही की चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र होते. टॉमीच्या वयाच्या मुलाला आईबापांशिवाय तो पाहायला प्रवेश नव्हता.

टॉमी जिंकतो कसा? रॉबच्या कात्रणांत त्याला लहान जेसनचे चित्र सापडते. तो न्हाणीघरात जाऊन कात्रीने स्वतःचे केस कापतो, वस्तरा फिरवतो, आणि बुडालेल्या मुलासारखा होऊन जेसनसमोर उभा राहतो. दुसऱ्या भागात जिनीने मेलेल्या आईचा स्वेटर घालून हाच डाव टाकला होता, तेव्हा कुणीही म्हणेल की ही नक्कल आहे. आहेच. पण जिनीने कपडे बदलले, ते काढता आले. टॉमी स्वतःच्या चेहऱ्याचा मुखवटा करतो. जिनी आई होते, म्हणजे ज्याला मारेकरी भितो ते होते. टॉमी मारेकरीच होतो.

जेसन गोंधळून थबकतो. या भूमिकेतला टेड व्हाइट हा जुना स्टंटमन, पडद्यावर जॉन वेनसाठी पडलेला-आपटलेला, चित्रीकरणाच्या वेळी साठीच्या जवळ आलेला. श्रेयनामावलीत आपले नाव नको असे त्यानेच सांगितले होते. तळ्यातल्या रात्रीच्या दृश्यात गार पाण्याने कुडकुडणाऱ्या नटीला बाहेर काढा, नाहीतर मी काम सोडतो, अशी धमकीही त्याने दिली होती. त्याचा जेसन आधीच्यांपेक्षा वेगवान आणि संतापी आहे, पण या एका क्षणी तो जे थांबतो, मान किंचित वळवतो, त्यात एक क्षीण ओळख दिसते. मुखवट्यामागून एवढे करता येणे हा अभिनयच.

ट्रिशच्या वाराने मुखवटा उडतो, आणि मग कोयता टॉमीच्या हातात. तो जेसनच्या डोक्यात आडवा बसतो. जेसन गुडघ्यांवर येतो, पुढे कोसळतो, मूठ जमिनीला टेकते आणि त्याच्या वजनाने डोके पात्यावरून हळूहळू पुढे सरकत जाते. सॅव्हिनीने यासाठी यांत्रिक डोके बनवले होते. डोळा हलतो, ओठ थरथरतात. बीभत्स म्हणून याला तोड नाही. नेहमीचा चित्रपट इथे थांबला असता, टाळ्या पडल्या असत्या. इथे टॉमीला पडलेल्या हाताची बोटे हलताना दिसतात. तो पुन्हा कोयता उचलतो आणि मारत सुटतो, मर, मर असे किंचाळत. आपल्याला दिसतो तो मुलाचा चेहरा, तासलेले डोके, आणि त्याला थांबवू न शकणारी बहीण. चार भाग ज्या क्रियेची आपण चटक लावून घेतली तीच क्रिया एक बारा वर्षांचे पोर करत आहे, आणि ती संपत नाही.

मग रुग्णालय. ट्रिश खाटेवर आहे. टॉमी येऊन तिला मिठी मारतो. तिच्या खांद्यावरून त्याची नजर कॅमेऱ्याकडे वळते आणि चित्र तिथेच गोठते. पुढच्या भागाची सोय म्हणून हा शेवट केला, असे बहुधा म्हटले जाते. मला त्यात बेइमानी दिसत नाही. राक्षस बनवण्याची कला जाणणाऱ्या मुलाने खरा राक्षस मारला, आणि खोलीत एकट्याने करत असलेली गोष्ट आता त्याच्या हातात राहिली आहे. युद्धातून काचेमागून पाहून परतलेल्या माणसानेच या मुलाचे मुखवटे घडवले, हे लक्षात ठेवून ती नजर पाहिली की ती पुढच्या भागाची जाहिरात वाटत नाही.

जाहिरात नंतर झाली. पहिल्या तीन दिवसांत या ‘शेवटच्या प्रकरणा’ने १ कोटी १० लाख डॉलरच्या वर धंदा केला, एकूण सव्वातीन कोटींच्या वर. अकरा महिन्यांत, मार्च १९८५ मध्ये, पाचवा भाग आला. नाव ‘ए न्यू बिगिनिंग’. तो फार वाईट आहे. मेलेल्यांना दिलेले वजन त्याने लगेच काढून घेतले, आणि सहाव्यात तर जेसनला वीज पाडून थडग्यातून उठवण्यात आले. तो सहावा विनोदी आणि नेटका आहे, मालिकेचे अनेक चाहते त्यालाच सर्वोत्तम मानतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण तिथे कुणाच्या मरणाने कुणाचे काही जात नाही.

पाचव्यातली एक गोष्ट मात्र मला पटते. टॉमी आता मोठा झाला आहे, एका मनोरुग्णालयातून दुसऱ्या ठिकाणी आणला गेला आहे, जवळजवळ बोलत नाही. गाडीतून उतरून त्याला त्याची खोली दाखवतात. तो सामान उघडतो. त्याने मुखवटे सोबत आणले आहेत.